गाडीचे ‘चेंबर’ फुटते तेव्हा

प्रतिनिधी

पावसाच्या पाण्याखाली दडलेला खड्डा, घाटात रस्त्यावर घरंगळलेला दगड किंवा एखाद्या वस्तीपुढचा बेताल गतिरोधक. गाडीच्या पोटाला खालून दणका बसतो आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डवर लाल दिवा उजळतो. थेंब गळणाऱ्या तेलाच्या बुधलीचे चित्र त्या दिव्यावर असते. गॅरेजच्या भाषेत ‘चेंबर लागले’. ही दुरुस्ती मोटारीच्या मोठ्या दुरुस्त्यांत मोडत नाही. तरीही तिच्यापायी चांगली इंजिने कायमची निकामी होतात. त्याला बहुधा दोनच कारणे असतात. पहिली घाई चालकाची, तर दुसरी फिटरची.

तळाशी असलेली परात

कारखानदार ज्याला ऑइल पॅन किंवा ऑइल संप म्हणतात, त्यालाच आपल्याकडील गॅरेजमध्ये चेंबर हे नाव पडले आहे. इंजिनाच्या अगदी तळाशी बोल्टांनी आवळलेली ही एक खोलगट परात असते. छोट्या मोटारीतील साधारण तीन ते चार लिटर ऑइल याच परातीत साठते. परातीच्या तळाजवळ जाळी लावलेली एक नळी असते. ऑइल पंप या नळीवाटे ऑइल वर ओढतो, ते फिल्टरमधून गाळून क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट यांच्या बेअरिंगांपर्यंत दाबाने पोहोचवतो आणि काम झालेले ऑइल पुन्हा ओघळून परातीत येते. इंजिन चालू असेपर्यंत हे चक्र अखंड सुरू असते.

क्रँकशाफ्ट आणि तिच्या बेअरिंगमधील फट छोट्या इंजिनात साधारणपणे ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर इतकीच असते. या फटीत दाबाखाली असलेला ऑइलचा पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरते. ऑइलचा थर नाहीसा झाला, की या वेगाने धातू धातूवर घासू लागतो. बेअरिंग तापते, वितळू लागते आणि अखेर शाफ्टला चिकटून बसते. ‘इंजिन सीझ झाले’ म्हणतात ते हेच.

चेंबर दोन प्रकारचे असते. जुन्या आणि स्वस्त गाड्यांत ते बहुधा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे असते, तर अनेक नव्या गाड्यांत ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे. दणका बसल्यावर पत्रा पोचतो, अ‍ॅल्युमिनियमला मात्र तडा जातो. तडा गेलेल्या चेंबरमधून ऑइल वाहते आणि रस्त्यावर काळा ओघळ उमटतो. हे संकट निदान डोळ्यांना दिसते. पोचलेल्या पत्र्याचा धोका अधिक फसवा असतो. एक थेंबही गळत नाही, डिपस्टिकवर पातळी पूर्ण दिसते. पण आत आलेला पोचा जाळीच्या तोंडाला टेकलेला असतो. पंपाला पुरेसे ऑइल मिळत नाही आणि काठोकाठ ऑइल असलेल्या इंजिनात बेअरिंग कोरडे पडते. त्यामुळे खालून दणका बसल्यावर ‘गळत तर काही नाही’ एवढ्यावर समाधान मानणे योग्य नाही.

पहिला मिनिट चालकाचा

लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, ऑइलचा दाब दाखवतो. पातळी थोडी कमी झाल्याने हा दिवा लागत नाही. दाब धोक्याच्या पातळीखाली गेला तरच तो लागतो. म्हणजेच दिवा लागला तेव्हा बेअरिंगांचा पुरवठा तुटू लागलेला असतो. इंधन कमी झाल्याचा दिवा लागल्यावर पुढचा पंप गाठता येतो. तोच हिशेब येथे लावणाऱ्याचे इंजिन हातचे जाते.

दिवा लागताच गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ हा विचार मनातून काढून टाकावा. तेवढे अंतर गाडी ओढून नेता येते. इंजिन थंड झाल्यावर गाडीखाली वाकून पाहावे, डिपस्टिक काढून पातळी तपासावी. पातळी व्यवस्थित असली आणि दिवा मात्र पुन्हा लागत असला, तरी इंजिन सुरू करू नये. भेग बारीक असेल तर ती जागा कोरडी व स्वच्छ करून दोन भागांची एपॉक्सी पुटी दाबून बसवण्याचा उपाय मालमोटारींचे चालक वर्षानुवर्षे करत आले आहेत. मात्र तो गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच आहे, त्याला दुरुस्ती समजू नये.

या पहिल्या मिनिटाला विम्याचीही बाजू आहे. बाहेरच्या वस्तूचा आघात होऊन चेंबर फुटले, तर सर्वसमावेशक पॉलिसीत ते अपघाती नुकसान धरले जाते. पण २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमधील प्रमाणित पॉलिसीतच एक अट आहे. आवश्यक दुरुस्ती होण्यापूर्वी वाहन चालवल्यास त्यामुळे वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी सर्वस्वी विमाधारकाची राहील, असा तिचा आशय आहे. परिणामस्वरूप नुकसान त्या पॉलिसीतून वगळलेले आहे. चेंबरचे पैसे मिळाले, पण सीझ झालेल्या इंजिनाचे नाकारले, असे वाद येथूनच उद्भवतात. अनेक कंपन्या इंजिन संरक्षणाचे वेगळे जोडकलम जादा हप्त्यावर देतात, पण त्याच्याही अटी असतात. तेव्हा इंजिन बंद करून जागेवरच छायाचित्रे काढणे आणि विमा कंपनीला कळवणे हिताचे ठरते.

चेंबर उतरवताना

गाडी गॅरेजमध्ये पोहोचली, की फिटरचे काम सुरू होते. गाडीमालकाने हे काम स्वतः करावे असे नाही. पण ते कसे व्हायला हवे हे ठाऊक असले, तर नेमके काय विचारावे हे कळते.

प्रथम बॅटरीची ऋण तार काढली जाते आणि गाडी रॅम्पवर चढवली जाते. रॅम्प नसेल तर गाडी जॅकने उचलून भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी लागते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा शिरू नये. जॅक निसटून माणूस दगावण्याचा धोका येथे खराखुरा आहे.

चेंबरमध्ये ऑइल शिल्लक असेल तर ते कोमट असताना काढणे चांगले. थंड ऑइल घट्ट असते आणि तळाचा गाळ मागे राहतो. फार गरम ऑइल हात पोळते. ड्रेन प्लग उघडून निघालेले ऑइल स्वच्छ भांड्यात धरावे आणि उजेडात पाहावे. त्यात चकाकणारे कण किंवा पापुद्रे दिसले, तर बेअरिंग झिजल्याची ती खूण आहे. अशा वेळी नुसते चेंबर बदलून भागत नाही, आतील बेअरिंगही तपासावी लागतात. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले आहे, असे समजावे.

त्यानंतर वाटेतले अडथळे दूर करायचे असतात. खाली चेंबर गार्ड असेल तर तो, अनेक गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगखालची पत्र्याची झाकणी काढावी लागते. काही गाड्यांत इंजिनाखालून आडवा तुळईसारखा भाग जातो. तेथे इंजिन वरून आधार देऊन थोडे उचलल्याशिवाय चेंबर निघत नाही. एका गाडीला तासाभराची मजुरी आणि दुसरीला जवळजवळ दिवसाची का लागते, याचे उत्तर बहुतेक वेळा या अडथळ्यांत असते.

चेंबरचे बोल्ट छोट्या गाड्यांत बहुधा १० नंबरच्या पान्याचे असतात. ते एकाच बाजूने पूर्ण न काढता सगळीकडून थोडे थोडे सैल करावेत. काही बोल्टांची लांबी वेगळी असते. जाणता फिटर पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार रेखतो आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवतो. लांब बोल्ट आखूड भोकात गेला, तर तो तळाला टेकून घट्ट झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात काठ सैलच राहतो. तसाच जोर लावल्यास अ‍ॅल्युमिनियममधील आटे निघून येतात.

बोल्ट निघाले तरी चेंबर लगेच सुटत नाही. वर्षानुवर्षांच्या सीलंटने ते इंजिनाला चिकटलेले असते. येथे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या काठावर ओरखडा पडतो आणि पुढे कितीही उत्तम सीलंट लावले तरी त्या ओरखड्यातून ऑइल पाझरत राहते. पातळ, रुंद पात्याचे हत्यार सीलंटच्या रेषेत सावकाश सरकवणे आणि रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके देणे, ही खरी पद्धत. चेंबर खाली घेताना ते जाळीच्या नळीला अडकणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते.

उघड्या इंजिनाखाली

चेंबर उतरल्यावर इंजिनाची जी बाजू एरवी वर्षानुवर्षे दिसत नाही, ती समोर येते. ही संधी दवडू नये. सर्वप्रथम जाळी पाहावी. तिच्यावर काळा गाळ, धातूचे कण किंवा जुन्या सिलिकॉनचे तुकडे साचले असतील, तर ती पूर्ण स्वच्छ करावी किंवा बदलावी. दणक्याने नळी वाकली आहे का, तिचा आधार तुटला आहे का, हेही तपासावे. नळी आणि पंप यांच्या सांध्यात रबरी रिंग असेल आणि नळी काढली असेल, तर ती नवीन घालावी. या सांध्यातून हवा ओढली गेली, तर बाहेर गळती नसूनही दाब पडतो.

चेंबर दुरुस्त करायचे की नवीन घ्यायचे, हा पुढचा प्रश्न. पत्र्याचा उथळ पोचा ठोकून काढता येतो, मात्र त्यानंतर काठ सपाट राहिला आहे का, हे काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून पाहायला हवे. पूर्वी कोणी बोल्ट अति आवळले असतील, तर प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा खळग्यासारखा दबलेला असतो. तो हातोडीने समतल करून घ्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग करता येते. पण ऑइल मुरलेल्या तड्यावर वेल्डिंग नीट बसत नाही आणि उष्णतेने काठ वाकण्याचा संभव असतो. तडा काठापर्यंत किंवा ड्रेन प्लगच्या आट्यांपर्यंत गेला असेल, तर नवीन चेंबर घेणेच शहाणपणाचे.

मग स्वच्छता. सर्वाधिक वेळ घेणारा आणि सर्वाधिक टाळला जाणारा टप्पा हाच. इंजिनाच्या आणि चेंबरच्या काठावरील जुने सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने निघेपर्यंत काढावे, बोल्टांच्या भोकांतील ऑइल टिपून घ्यावे आणि शेवटी ऑइलचा अंशही न ठेवणाऱ्या क्लीनरने काठ पुसावा. ऑइलच्या बोटभर डागावरही सीलंट धरत नाही. पुसण्यासाठी धागे सुटणारे वेस्ट किंवा चिंध्या न वापरता स्वच्छ, न सुटणाऱ्या धाग्यांचे कापड घ्यावे. तोच धागा उद्या जाळीवर जाऊन बसतो.

शेवटचा तास फिटरचा

काही इंजिनांना रबराचे किंवा कॉर्कचे तयार पॅकिंग असते, तर अनेकांत कारखान्यातूनच केवळ द्रव सीलंट लावलेले असते. कंपनीने जे सांगितले आहे तेच वापरावे. ‘खात्रीसाठी’ रबरी पॅकिंगवर सगळीकडे सिलिकॉन फासल्याने पॅकिंग आवळताना घसरते आणि गळती वाढते.

सीलंट लावायचे असेल, तर साधारण तीन मिलिमीटर जाडीची एकसलग रेष काढावी. ती बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने जावी आणि कोठेही तुटू नये. इंजिनाचे दोन भाग जेथे जुळतात, म्हणजे पुढच्या झाकणाच्या आणि मागच्या ऑइल सीलच्या कोपऱ्यांत, तेथे किंचित अधिक लावण्याची सूचना अनेक कंपन्या देतात. ‘जास्त लावले तर जास्त घट्ट’ हा समज घातक आहे. आवळताना जादा सीलंट बाहेर येते तितकेच आतही येते. बाहेरचे पुसता येते. आतले मात्र वाळून त्याचे तुकडे सुटतात, ऑइलबरोबर वाहत जाळीला चिकटतात आणि काही महिन्यांनी तोच लाल दिवा पुन्हा लागतो. तेव्हा दोष ऑइलला किंवा पंपाला दिला जातो.

सीलंटवर साय धरण्यापूर्वी, काही मिनिटांतच, चेंबर सरळ वर नेऊन बसवावे. सर्व बोल्ट आधी हाताने लावावेत. मग मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावेत. किती आवळायचे याला मोजमाप आहे. छोट्या गाड्यांच्या सहा मिलिमीटर बोल्टांसाठी ते साधारण १० ते ११ न्यूटन मीटर, म्हणजे सुमारे एक किलोग्रॅम मीटर असते. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर दहा किलोचा भार दिल्याइतका हा जोर आहे. लांब पाना घेऊन अंगाचा भार टाकला, की तो सहज ओलांडला जातो. पत्र्याचा काठ वाकतो, दोन बोल्टांमध्ये फट राहते आणि गळती थांबवण्यासाठी दिलेला जोरच गळतीला कारण ठरतो. ड्रेन प्लगला अधिक, बहुतेक छोट्या गाड्यांत ३० ते ४० न्यूटन मीटर जोर लागतो आणि त्याचे वायसर दरवेळी नवे घालावे. अंतिम आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. टॉर्क पाना वापरणारे गॅरेज म्हणूनच दोन पैसे जास्त घेत असले, तरी परवडते.

यानंतरचे काम म्हणजे थांबणे. सीलंट वरून लवकर सुकते, आतून पूर्ण पक्के व्हायला मात्र बहुतेक उत्पादनांना २४ तासांपर्यंत वेळ लागतो. ऑइल केव्हा भरता येईल, हे त्याच्या वेष्टणावर लिहिलेले असते. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये राहिली तर उत्तमच. संध्याकाळी गाडी हवीच म्हणून तगादा लावणारा ग्राहक आणि त्याला नाही न म्हणणारा फिटर, हे दोघे मिळून सगळी मेहनत वाया घालवतात.

ठरलेल्या वेळेनंतर नवा फिल्टर बसवून, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे ऑइल मापात भरावे. फुटलेल्या चेंबरमधून वाचलेले जुने ऑइल गाळून पुन्हा भरण्याची काटकसर करू नये. इंजिन सुरू केल्यावर लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच इंजिन बंद करावे. काही मिनिटे चालवून इंजिन थांबवावे, ऑइल खाली उतरू द्यावे, मग पुन्हा डिपस्टिक पाहावी आणि काठावर बोट फिरवून पाहावे. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर हीच तपासणी परत करावी. केवळ सीलंटवर बसवलेल्या चेंबरचे बोल्ट मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळू नयेत, त्याने धरलेला थर तुटतो.

दणका टाळता येतो का?

माहितीपत्रकातील ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. आपल्याकडील अनेक छोट्या गाड्यांत तो १६० ते १७० मिलिमीटरच्या आसपास आहे. गणपतीसाठी कोकणात निघालेल्या गाडीत पाच माणसे आणि डिकीभर सामान असते, तेव्हा हे अंतर चांगलेच घटते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सावकाश चढून सावकाश उतरणारा असणे अपेक्षित होते. आपल्या गल्लीबोळांत रातोरात उभे राहणारे उंच, अरुंद उंचवटे या मापात कोठेच बसत नाहीत. गाडी भरलेली असताना असा उंचवटा तिरका आणि अगदी सावकाश ओलांडावा. त्यावर चढल्यावर ब्रेक दाबू नये, कारण ब्रेक दाबताच गाडीचे नाक आणखी खाली जाते.

चेंबर गार्डने दगडांपासून बचाव होतो, पण तो स्वतःच गाडीची उंची थोडी कमी करतो आणि हळूहळू होणारी गळती झाकून ठेवतो. गार्ड असलेल्या गाडीची डिपस्टिक त्यामुळे अधिक वेळा पाहावी.

आणखी एक जबाबदारी उरते. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतणे हा केवळ बेपर्वाईचा भाग नाही. २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. आपल्या गाडीचे जुने ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाते का, हे गॅरेजला विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे आणि त्याने तो वापरावा.

गाडी ताब्यात घेताना एवढेच विचारावे: जाळी पाहिली का, काठ पूर्ण साफ केला का, बोल्ट मोजून आवळले का, सीलंट सुकायला किती वेळ दिला आणि फिल्टर नवा घातला का? पाचही उत्तरे ठामपणे आली, तर बिल भरून गाडी घ्यावी. एखाद्या उत्तराशी फिटर अडखळला, तर गाडी आणखी एक दिवस गॅरेजमध्येच राहू द्यावी. एका दिवसाच्या रिक्षाभाड्यापेक्षा इंजिनाची नव्याने बांधणी कितीतरी महाग पडते.